पिशवीतलं काळं बटण

दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव पगाराच्या दिवसाखेरीज कुणाला लागत नसे. सगळी शाळा त्यांना जपूनबाई म्हणायची. जिना उतरताना जपून, पेन्सिलीला टोक काढताना जपून, पाणी पिताना जपून. एकदा ताप आलेल्या एका मुलाला घरी पाठवताना त्यांनी "जपून झोप हं" असंही सांगितलं होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यावर महिनाभर हसणं चाललं. बाईसुद्धा हसल्या, पण हसता हसता त्यांचं लक्ष खिडकीकडे होतं. तिची कडी नीट लागली नव्हती.

आता भित्री माणसं जगात काही थोडी नसतात. पण बाईंची भीती नुसती भीती नव्हती, तो त्यांचा दुसरा संसारच होता. घरातून निघाल्या की गॅसची कळ बघायला परत यायच्या. रस्त्यात मनातल्या मनात करार चालायचे. ती लाल गाडी वळायच्या आत मी कोपरा गाठला, तर आज वर्गात कुणाला लागणार नाही. शाळेच्या जिन्याची शेवटची पायरी उजव्या पायाने चढले, तर घरी सगळं ठीक असेल. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि तेही एक वेळ चाललं असतं. पण सांगितल्याने करार मोडला तर काय घ्या?

याचं मूळ एका सकाळी होतं. बाईंचे यजमान विजेच्या खांबांवर चढून तारा दुरुस्त करायचे. ते रोज निघताना बाई दारात येऊन "जपून" म्हणायच्या. त्या सकाळी दूध उतू जात होतं. यजमानांनी दारातून "येतो गं" म्हटलं, बाईंनी आतूनच "हं" केलं आणि पातेलं उतरवलं. दुपारी खांबावर, स्वतःला बांधून घ्यायचा त्यांच्या कमरेचा पट्टा तुटला. त्यानंतर बाईंनी "जपून" हा शब्द कुणालाही द्यायचा चुकवला नाही. एका दिवसाची थकबाकी त्या उरलेल्या आयुष्यभर फेडत होत्या म्हणा ना.

अशा बाईंच्या वाट्याला यंदा शक्यतेचा धडा आला. दुसरीच्या मुलांना काय नक्की घडतं, काय कदाचित घडतं आणि काय अशक्य असतं, हे खेळातून शिकवायचं, असा मोठ्या बाईंचा हुकूम होता. 'कदाचित' या शब्दाशी जपूनबाईंचं उभं वैर होतं.

पण मुलांनी धडा पहिल्याच दिवशी डोक्यावर घेतला. "उद्या सूर्य उगवेल," बाई म्हणाल्या, आणि वर्ग ओरडला, "नक्की!" "मांजर पाढे म्हणेल." "अशक्य!" मग मुलांनीच सूत्रं हातात घेतली. "आज गृहपाठ नसेल!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि अख्ख्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "अशक्य!" "बाई आज जपून म्हणणार नाहीत!" "अशक्य, अशक्य!" बाईंना खरंच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी त्या एक कापडी पिशवी घेऊन आल्या. घरी त्यांची नणंद राहायची, ती शिवणकाम करायची. तिच्या डब्यातून बाईंनी नऊ पिवळी बटणं आणि एक काळं अशी दहा निवडली होती. सगळी एका मापाची, हाताला फरक कळू नये म्हणून. एकेका मुलाने यायचं, डोळे मिटून हात घालायचा, बटण काढून दाखवायचं आणि परत टाकायचं. पिवळंच जास्त वेळा का येतं, हे मुलांनी आपलं आपण ओळखायचं. खेळ रंगला. पिवळं आलं की टाळ्या. पुष्कळ वेळ काळं कुणालाच आलं नाही, त्यामुळे त्याचं भलतंच वजन वाढलं.

मग ठिपकी आली. तिचे बाबा घरं रंगवायचे. त्यांच्या ब्रशाचे शिंतोडे तिच्या दप्तरावर आणि बुटांवर पडलेले असायचे, म्हणून ती ठिपकी. एरवी बोलून बोलून कान किटवणारी पोर, त्या दिवशी गप्प होती. पिशवीत हात घालण्याआधी तिचे ओठ हलले. हात बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा तळहातावर काळं बटण होतं.

"काळं! ठिपकीला काळं!" वर्गात एकच गिल्ला झाला. ठिपकी हसली नाही, रडलीही नाही. पांढरी पडली आणि जागेवर जाऊन बसली.

त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि ती लंगडायला लागली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पडली असेल, हाड मोडलं असेल, घरी सांगत नसेल. बाईंच्या डोक्यात संकटांची रांग कायम तयारच असायची. त्यांनी मधल्या सुट्टीत तिला वर्गात थांबवलं आणि बूट काढायला लावला. ठिपकीने आधी नाही म्हटलं, मग पाय मागे घेतला. शेवटी बाईंनी स्वतःच बूट काढला. मोज्याच्या आत, तळव्याला चिकटून, काळं बटण होतं. कातडीवर त्याचा गोल वळ उठला होता, आत चार भोकांच्या खुणांसकट.

"अगं, हे काय? हे पिशवीत नाही टाकलंस?"

"पायाखाली दाबून ठेवलंय," ठिपकी म्हणाली. "म्हणजे ते वर येणार नाही."

मग तुटक तुटक सगळं बाहेर पडलं. बाबांच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. शुक्रवारी ऑपरेशन होतं. डॉक्टर आईला सांगत असताना ठिपकी दाराशी उभी होती. डॉक्टर म्हणाले होते, दहातले नऊ जण बरे होऊन घरी जातात. आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी वर्गात पिशवी आणली. दहा बटणं, नऊ पिवळी.

"मी मनात विचारलं, बाबा येतील ना," ठिपकी म्हणाली, "आणि काळं आलं."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वेडी का खुळी, बटणाला काय कळतंय! बाईंना ते म्हणता येईना. लाल गाड्या आणि उजवे पाय त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. ही पोर करत होती ते त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. फरक एवढाच, की त्यांचं बटण पायाखाली नव्हतं, छातीत होतं.

इथे बाई चुकल्या. भिऊन चुकल्या, मायेने चुकल्या, पण चुकल्याच. काळं बटण पिशवीत टाकते असं सांगून पाठमोऱ्या होत त्यांनी ते पदरात बांधलं, टेबलाच्या खणातल्या शिलकी पिवळ्या बटणांतलं एक पिशवीत टाकलं आणि पिशवी ठिपकीपुढे धरली. "परत विचार बघू."

ठिपकीने डोळे घट्ट मिटले. पिवळं आलं. तिने पुन्हा काढलं, पुन्हा पिवळं. पुन्हा पिवळं. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला, ती उड्या मारायला लागली आणि म्हणाली, "बाई, एकदाही काळं नाही! म्हणजे बाबा नक्की! कदाचित नाही, नक्की!"

त्यांनीच शिकवलेला शब्द होता.

पोरगी बागडत गेली, डबा चाटूनपुसून खाल्ला, आणि तिची भीती जशीच्या तशी बाईंच्या अंगावर येऊन बसली. शुक्रवारी काही बरंवाईट झालं तर? मग पिशवी खोटी, बाई खोट्या, आणि या पोरीने पुढे जगात कशावर विश्वास ठेवायचा? किंवा त्याहून वाईट, ती म्हणेल, मीच शेवटी नीट विचारलं नाही. बाईंना ते वाक्य आतून पाठ होतं.

संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी ठिपकीची आई उभी होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात औषधांची पिशवी.

"बाई, जरा विचारायचं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पोरगी सांगत आली, बाबांचं नक्की बरं होणार, बाईंनी सांगितलं. डॉक्टर तर आम्हाला नक्की असं म्हणत नाहीत. तुमच्या ओळखीचं कुणी आहे का त्या दवाखान्यात? तुम्हाला काही कळलंय का?"

ती इतक्या आशेने बघत होती की बाईंना तिच्या नजरेला नजर देववेना. "नाही हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "मुलांचा खेळ होता. मला काही ठाऊक नाही."

"अच्छा," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरलेला बाईंना दिसला. "नाही, म्हटलं विचारून बघावं." मग जाता जाता तिने एक गळ घातली. शुक्रवारी ती दवाखान्यात असणार, पोरीला बघायला घरी कुणी नाही, तर शाळा सुटल्यावर फोन येईपर्यंत बाई तिला थांबवून घेतील का? बाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

घरी आल्यावर त्यांनी गॅसची कळ बघितली, पुन्हा बघितली आणि मग ओट्यापाशीच उभ्या राहिल्या. नणंदेने मशीन थांबवलं. नणंद म्हणजे तोंडाची फटकळ, पण वहिनीचा श्वास कमीजास्त झाला तरी तिला कळायचं.

"काय झालं? कोण पडलं आज?"

बाईंनी सगळं सांगितलं. पिशवी, बूट, पिवळी बटणं, फाटकाशी उभी असलेली आई. सांगता सांगता लाल गाड्यांचंही निघालं, आणि शेवटी त्या सकाळचं. "मी म्हणाले असते ना, तर ते... मी नुसतं जपून म्हणाले असते तर..."

नणंदेने सुई उशीत टोचली, काढली, पुन्हा टोचली.

"वहिनी, एक सांगते. इतकी वर्षं बोलले नाही," ती म्हणाली. "मी म्हणाले होते."

"काय?"

"त्या दिवशी. तू दुधापाशी होतीस. मी दारात केस विंचरत होते. दादा चपला घालत होता, मी म्हटलं, जपून जा रे दादा. हो म्हणाला. हसलासुद्धा." तिचा आवाज चिरकला. "शब्द मिळाला होता त्याला. तरी पट्टा तुटला. पट्टा जुना होता वहिनी, म्हणून तुटला."

बाई खाली बसल्या. "मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? मला वाटायचं, माझ्याच तोंडून नीट निघालं नसेल. विंचरता विंचरता म्हटलं होतं ना, लक्ष नव्हतं माझं."

एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, दोघींनी इतकी वर्षं एकच ओझं वाहिलं होतं आणि एकमेकींना पत्ता लागू दिला नव्हता. मग दोघी रडल्या. नणंदेने नाक पुसून आधी तोंड उघडलं. "त्या पोरीला खरं सांगून टाक. नाहीतर अजून एक जपूनबाई तयार करशील. एक आहे तेवढी पुरे आहे घरात."

गुरुवारी मधल्या सुट्टीत बाईंनी ठिपकीला बोलावलं. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. सगळी बटणं पिवळी. मग पदराची गाठ सोडून काळं बटण शेजारी ठेवलं.

ठिपकी बघत राहिली. तिला उलगडायला वेळ लागला नाही. दुसरीतली मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ हुशार असतात. "तुम्ही लबाडी केलीत," ती म्हणाली.

"केली. मला माफ कर. तू घाबरलीस ते मला बघवलं नाही."

ठिपकीचे डोळे भरले. बाईंना वाटलं, संपलं, आता ही माझ्याकडे कधी बघणार नाही. पण ठिपकी पिशवीकडेच बघत होती. तिने ती उचलली, आत डोकावली, उलटी करून झटकली.

"म्हणजे तुम्ही सगळी पिवळी टाकली, तर पिवळंच येणार."

"हो."

"सगळी काळी टाकली तर काळंच येणार. माझे बाबा बरे असले तरी."

"हो."

"मग पिशवीला काहीच माहीत नसतं?"

"काहीच नसतं. त्या दिवशीही नव्हतं. दहात एक काळं होतं, ते कुणाच्या तरी हाताला लागणारच होतं. तुझ्या लागलं."

ठिपकीने विचार केला. मग खरा प्रश्न आला. "पण डॉक्टरांच्या दहातसुद्धा एक आहे ना?"

बाईंना खोटं बोलायची फार, फार इच्छा झाली. "आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला भीती वाटते?"

"खूप वाटते."

"मलापण," ठिपकी म्हणाली आणि बाईंच्या कुशीत शिरली. दोघी तशाच राहिल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलं धावत आत आली, आणि धड्याचं पुढचं पान उघडावं लागलं.

शुक्रवार काही संपता संपेना. बाईंनी शिकवलं काय, मुलांनी ऐकलं काय, देव जाणे. शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला. ठिपकी बाकावर पाय हलवत बसली. बाईंनी फोन मांडीवर ठेवला होता आणि तो चालू आहे ना, हे त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या. आईने सांगितलेली वेळ उलटून गेली. साफसफाईच्या मावशी फडकं आणि बादली घेऊन आल्या आणि फळ्याकडून फरशी पुसत निघाल्या. ठिपकीने नखं खायला सुरुवात केली. बाईंनी तिला थांबवलं नाही, त्यांची नजर मावशींच्या फडक्यावर होती.

"बाई," ठिपकी एकदम म्हणाली, "तुमचे ओठ हलतायत. तुम्ही मनात काहीतरी ठरवताय."

बाई चोरी पकडल्यासारख्या दचकल्या. "हो. मावशी शेवटच्या बाकापाशी पोचायच्या आत फोन आला, तर..."

"मावशींना काय माहीत बाबांचं?" ठिपकी म्हणाली.

"खरंय गं. सवय आहे."

मावशी शेवटच्या बाकापाशी पोचल्या. फोन आला नाही. बाईंच्या काळजाचा ठोका चुकला. कळत होतं सगळं, तरी चुकला. मावशी बादली उचलून बाहेर गेल्या, जिना पुसायला लागल्या. आणि मग केव्हातरी फोन वाजला. बाईंच्या बोटांना बटण दाबता येईना, ते ठिपकीने दाबलं.

पलीकडे आई रडत होती. नुसती रडत होती. त्या रडण्यातून काहीच कळेना. मग शब्द आले. "झालं बाई... झालं... डोळे उघडले त्यांनी. पोरीचं नाव घेतलं."

बाईंनी फोन ठिपकीच्या कानाला लावला. तिने सगळं ऐकलं, "हो आई, हो," म्हटलं, आणि फोन परत दिला. ती उड्या मारेल असं बाईंना वाटलं होतं. ती मारत नव्हती. कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"बाई, सकाळी मी बाबांना जपून म्हणाले होते," ती म्हणाली. "तुमच्यासारखं. म्हणून झालं का?"

हो म्हणायला काय जात होतं? इतकी वर्षं बाई याच 'हो'साठी जगल्या होत्या. "नाही गं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी केलं. झडप नीट बसली, बाबांच्या अंगात ताकद होती. तुझ्या म्हणण्याने नाही."

"आणि मी म्हणायला विसरले असते, आणि बाबा आले नसते, तर?" ठिपकीचा आवाज अगदी बारीक झाला. "ते माझ्यामुळे झालं नसतं ना?"

फार वर्षांपूर्वीचं उतू जाणारं दूध बाईंच्या डोळ्यांपुढे आलं, आणि दारातून आलेला तो आवाज, येतो गं. "नसतं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, मोठ्याने, "नसतं झालं. तुझ्यामुळे नसतं झालं." आणि त्यांना रडू कोसळलं. ठिपकीला वाटलं, बाई आनंदाने रडतायत. तेही होतंच.

ठिपकीने आपलं ठिपक्यांचं दप्तर पाठीवर टाकलं आणि बाईंचा हात धरला. दोघी जिन्यापाशी आल्या. बाईंचं तोंड सवयीने उघडलं, पण ठिपकीच आधी बोलली.

"जपून हं बाई. पायरी ओली आहे."

असं बाईंना कुणी म्हटल्याला खूप वर्षं झाली होती. त्यांनी खाली पाहिलं. मावशींनी नुकतंच पुसलं होतं, पायरी खरंच ओली होती. कठडा धरून, जो पाय पुढे आला त्या पायाने, त्या खाली उतरल्या.